गोठवलेल्या वीर्याने घोडी फळवताना : नाशिकच्या नवख्या अश्वपालकांसाठी

दारात चांगली घोडी आहे, मनात राजस्थानातला एखादा नावाजलेला मारवाडी घोडा भरलाय, पण तिला गाडीत घालून तेवढ्या लांब न्यायची तयारी नाही. अशा वेळी गोठवलेल्या वीर्याचा पर्याय समोर येतो. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने गायीचं कृत्रिम रेतन पाहिलेलं असतं. त्यामुळे पहिला समज असा होतो, की फोन केला की कंटेनर घेऊन माणूस येईल, कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरेल आणि चहा पिऊन जाईल. घोडीच्या बाबतीत हाच समज खिशाला सगळ्यात जास्त चाट लावतो.

गायीला एक कांडी पुरते, तीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी, हा हिशेब गोठ्यातल्या पोरालाही पाठ असतो. घोडीचा माज ५ ते ७ दिवस चालतो आणि बीज सुटतं ते शेवटाकडे, माज संपण्याच्या २४ ते ४८ तास आधी. घोड्याचं ताजं वीर्य घोडीच्या पोटात दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून दिवसाआड घोडा लावला तरी घोडी राहते. गोठवून वितळवलेले शुक्राणू मात्र १२ ते २४ तासांतच थकतात. सुटलेलं बीज तर ६ ते ८ तासांनंतर उतरणीला लागतं. म्हणजे सगळी मदार बीज सुटण्याची वेळ पकडण्यावर. माज ओळखता आला म्हणजे काम अर्धंही झालं नाही.

आधी कागद बघा

घोडी थरोब्रेड असेल आणि शिंगराला रेसकोर्सवर पाठवायचा विचार असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. जगभर थरोब्रेडच्या स्टडबुकात, म्हणजे वंशाच्या नोंदवहीत, फक्त नैसर्गिक मिलनातून झालेल्या शिंगरांची नोंद होते, आपल्याकडेही तोच नियम आहे. मारवाडी किंवा काठियावाडी घोडीचं शिंगरू नोंदवायचं असेल, तर ज्या संस्थेत नोंदवणार तिला रेतनाआधी लेखी विचारा. कृत्रिम रेतनाची शिंगरं ते घेतात का, डीएनए चाचणीसाठी आई-बापाच्या केसांची मुळं लागतात का, रेतनाचा दाखला कोणाच्या सहीचा चालतो, हे तीन प्रश्न पुरेत. शिंगरू झाल्यावर विचारायला गेलात तर उत्तर काहीही मिळो, तुमच्या हातात काही उरत नाही.

घोडीची परीक्षा

आपल्याकडे घोडी घेताना भोवरे बघतात, देवमण बघतात, पंचकल्याणी आहे का ते बघतात. बघा, माझी हरकत नाही. पण गोठवलेलं वीर्य वापरायचं तर गर्भाशय आधी बघा. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेल्या घोड्यांबद्दल तर हे दुप्पट खरं. तिथे ‘दोन महिन्यांची गाभण आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. आणल्यावर पहिल्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. गाभण नसेल तर कळेल आणि असेल तर त्याहून महत्त्वाचं. पुढे माज आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं जातं, आणि ते गाभण घोडीला दिलं गेलं तर गर्भ पडू शकतो.

वयाचं म्हणाल, तर ४ ते १२ वर्षांची, आधी एखादं शिंगरू दिलेली घोडी नवख्याला सगळ्यात सोपी. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत कधीच न फळलेल्या घोडीवर महागाच्या कांड्या घालू नयेत. अशा घोडीचं गर्भाशयाचं तोंड नीट सैलावत नाही, आत पाणी साठतं आणि एकामागून एक माज रिकामे जातात. मालकाला हे ऐकायला आवडत नाही, पण डॉक्टरने स्पष्ट सांगितलं तर त्याचे आभार माना.

डॉक्टरने काय काय तपासावं? योनीद्वाराची ठेवण, कारण ते तिरकं किंवा ढिलं असेल तर शेण आणि हवा आत जाते. गर्भाशयातला स्वॅब आणि पेशींची तपासणी, म्हणजे आतली सूज आणि जंतू कळतात. सोनोग्राफीवर दोन्ही अंडाशयं, गाठी आणि पाणी. याशिवाय ग्लँडर्सची रक्तचाचणी. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि कायद्याने कळवावा लागतो, त्यामुळे तबेल्यात नवं जनावर आलं की ही चाचणी टाळायची नाही.

अंगाने घोडी ना सुटलेली ना हडकलेली हवी. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागाव्यात. बारीक घोडी असेल तर रेतनाआधीचे दीड-दोन महिने चंदी हळूहळू वाढवा. आणि नाशिकपुरती एक सूचना : द्राक्षबागेच्या बांधावरचं किंवा बागेतलं गवत कापून घोडीला घालू नका. छाटणीनंतर बागेवर एकामागून एक फवारण्या चालू असतात. गाभण ठेवायच्या जनावराच्या पोटात ते नको.

कोणता महिना धरायचा

घोडी दिवस मोठा होऊ लागला की नियमित माजावर येते. नाशिकला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस जवळपास ११ तासांचा आणि जूनमधला मोठा सव्वातेरा तासांचा. युरोपातल्या घोड्या हिवाळ्यात जशा पूर्ण बंद पडतात तशा आपल्या सगळ्या पडत नाहीत, पण डिसेंबर-जानेवारीतला माज फसवा असतो. घोडी दहा-दहा दिवस माज दाखवते आणि बीज सुटतच नाही. त्या माजावर कांड्या वाया घालवू नयेत.

गाभणकाळ सरासरी ३४० दिवसांचा, म्हणजे ११ महिन्यांहून थोडा जास्त. कॅलेंडर उलटं मोजा. फेब्रुवारीच्या मध्यात भरलेली घोडी पुढच्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात विते, एप्रिलच्या मध्यात भरलेली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. निफाडची जानेवारीतली थंडी शिंगराला बोचते, पण कोरड्या पेंढ्याने आणि आडोशाने ती निभावता येते. ऑगस्टात भरलेली घोडी जुलैत विणार. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडे तबेला असेल तर जुलैतला चिखल आणि ओल म्हणजे नाळ पिकण्याला आमंत्रण. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी ते एप्रिल. या दिवसांत माज नियमित होतात आणि एक-दोन माज रिकामे गेले तरी पावसाळ्याच्या आत बाळंतपण उरकतं.

फेब्रुवारीतच घोडी हमखास चालू हवी असेल, तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात संध्याकाळी दिवा लावून उजेडाचे एकूण तास १६ करतात. परिणाम दिसायला आठ ते दहा आठवडे लागतात. दिवा मध्येच चार दिवस बंद राहिला तर केलेलं वाया जातं, आणि लोडशेडिंगच्या गावात हे लक्षात ठेवा.

शिवाय २०२७ साली ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. पंचवटी-तपोवनाच्या आसपास तबेला असेल, तर त्या दिवसांत दर सहा तासांनी डॉक्टर तुमच्या दारात पोहोचेल अशी अपेक्षा धरू नका.

डॉक्टर, मगच कांडी

क्रम हाच ठेवा. पोर्टेबल सोनोग्राफी असलेला, घोड्यांचा हात बसलेला पशुवैद्यक आधी ठरवा. गायीत तरबेज असणं पुरत नाही. घोडीची गुदनलिका नाजूक असते. तपासताना ती फाटली तर घोडी जाऊ शकते. गायीत गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाचं तोंड पकडतात आणि गन आत सारतात. घोडीत निर्जंतुक हातमोजा घालून योनीमार्गानेच बोटाच्या आधाराने नळी आत नेतात. दोन्ही कामं वेगळी आहेत. जवळ असा डॉक्टर नसेल तर मुंबईच्या परळमधल्या किंवा साताऱ्याजवळच्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

डॉक्टरशी मोकळेपणी ठरवा : रात्री दोन वाजता यायला जमेल का? येणं-जाणं, तपासण्या, इंजेक्शनं यांचे पैसे एकत्र की प्रत्येक फेरीचे? कांडीच्या किमतीकडे सगळे बघतात, पण बऱ्याचदा तपासण्यांचं बिल तिच्यापुढे जातं.

मग वीर्य. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बिकानेरच्या आपल्या परिसरात मारवाडी घोड्यांचं वीर्य गोठवण्याचं आणि त्यातून शिंगरं मिळवण्याचं काम बरीच वर्षं केलंय. मारवाडीत भ्रूण प्रत्यारोपणातून देशात पहिली शिंगरी जन्मली ती तिथेच, १९ मे २०२३ रोजी, ‘राज-प्रथमा’. खासगी स्टडफार्मही वीर्य देतात. कोणाकडूनही घ्या, पण पुढचं लेखी घ्या.

एका मात्रेत किती कांड्या? घोड्याची कांडी सहसा अर्ध्या मिलिलीटरची असते आणि एका मात्रेला ४ ते ८ कांड्या लागतात. वितळवल्यावर सरळ पुढे धावणारे किमान २५ कोटी शुक्राणू आणि किमान ३५ टक्के हालचाल, हा जगभर धरला जाणारा मापदंड आहे. ‘एक कांडी, एक शिंगरू’ असं कोणी सांगत असेल तर वितळवल्यानंतरच्या तपासणीचा कागद मागा. काही घोड्यांचं वीर्य ताजं असताना उत्तम आणि गोठवल्यावर निकामी होतं. ट्रॉफ्या जिंकणाऱ्या घोड्याचं तसं नसेलच असं नाही. म्हणून या घोड्याच्या गोठवलेल्या वीर्यातून आजवर किती घोड्या राहिल्या, हा प्रश्न त्याच्या बक्षिसांच्या यादीपेक्षा कामाचा.

रोगांच्या चाचण्यांचा कागदही हवा : ग्लँडर्स, संसर्गजन्य रक्तक्षय, विषाणूजन्य धमनीदाह, संसर्गजन्य गर्भाशयदाह. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, उलट तेही जपले जातात. आणि पैसे कशाचे देताय ते करारात लिहून घ्या. मात्रेचे, की जिवंत शिंगराच्या हमीचे? उरलेल्या कांड्या कोणाच्या?

कंटेनर

वीर्य द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंश सेल्सिअसला राहतं. कंटेनर आला की सगळ्यात आधी आतली पातळी लाकडी पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी हेच करा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कंटेनर लवकर रिकामा होतो, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा. झाकण जसं येतं तसंच ठेवा. ‘वाफ जातेय’ म्हणून चिंधी कोंबून घट्ट केलं तर आत दाब वाढतो. बंद काचांच्या गाडीत कंटेनर घेऊन नाशिक-पुणे रस्त्याला लागू नका. नत्राला वास नसतो, तो हवेतला प्राणवायू हटवतो आणि माणूस गुदमरतो ते त्याला कळतही नाही. काच खाली ठेवा.

दुसरी कांडी काढताना पहिल्या मात्रेच्या कांड्या कंटेनरच्या मानेपर्यंत उचलून ‘कुठली कुठली’ वाचत बसायचं नाही. मानेत तापमान खूप वर असतं. काही सेकंदांत वरवरचं वितळून पुन्हा गोठतं आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. कुठल्या डब्यात कोणाच्या कांड्या आहेत याचा नकाशा कागदावर आधीच असावा.

माज, फॉलिकल आणि घड्याळ

माज ओळखायला टीझर घोडा, म्हणजे नुसता दाखवायला आणलेला नर, सगळ्यात खात्रीचा. मध्ये भक्कम आडवी फळी ठेवून तो समोर आणतात. माजावरची घोडी शेपूट बाजूला घेते, मागचे पाय फाकवून थांबते, थोडं थोडं मुतते, योनीची उघडझाप करते. नसेल तर कान पाडून लाथ झाडते. शेजारी घोडा नसेल तर दर दिवसाआड सोनोग्राफी, दुसरा इलाज नाही.

माज दिसला की डॉक्टर अंडाशयावरचं फॉलिकल, म्हणजे बीज असलेला पाण्याचा फुगा, मोजायला लागतो. ते रोज साधारण ३ मिलिमीटरने वाढतं. ३५ मिलिमीटरला पोचलं, गर्भाशयाच्या भिंतीत सूज येऊन पडद्यावर संत्र्याच्या फोडींसारखी नक्षी दिसली आणि गर्भाशयाचं तोंड सैलावलं, की बीज सोडवण्याचं इंजेक्शन देतात. एचसीजी दिलं तर बहुतेक घोड्या सुमारे ३६ तासांत बीज सोडतात. डेसलोरेलिनला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. बुसेरेलिनही वापरतात. एकाच घोडीला एका हंगामात एचसीजी वारंवार दिलं तर काही घोड्यांत प्रतिपिंडं तयार होऊन असर घटतो, म्हणून आधी काय दिलंय ते डॉक्टरला सांगा.

इथून दोन वाटा फुटतात. कांड्या मोजक्याच, एकाच मात्रेच्या असतील, तर इंजेक्शननंतर साधारण २४ तासांनी तपासणी सुरू करायची आणि दर ६ तासांनी बघत राहायचं. फॉलिकल फुटलेलं दिसलं की लगेच रेतन. म्हणजे बीज सुटून सहा तासांच्या आत रेतन होतं. रात्रीची झोप जाते, डॉक्टरचीही. दुसरी वाट दोन मात्रांची : इंजेक्शननंतर २४ तासांनी एक आणि ४० तासांनी दुसरी. तपासण्या कमी, कांड्या दुप्पट. डॉक्टर मालेगावहून यायचा असेल आणि तुम्ही सिन्नरला असाल, तर दुसरी वाटच व्यवहार्य आहे. इंजेक्शनाची वेळही त्यावरून निवडा. ते रात्री ८ ला दिलं तर चोविसावा तास दुसऱ्या रात्री ८ ला आणि चाळीसावा तिसऱ्या दिवशी दुपारी १२ ला येतो. जेवण-झोप सांभाळून दोन्ही होतं.

प्रोस्टाग्लँडिनबद्दल एक गोष्ट घरात सांगून ठेवा. हे औषध कातडीतून शरीरात जातं. गर्भवती बाईने आणि दमेकऱ्याने त्याच्या कुपीला हात लावू नये, सिरिंजलाही नाही.

रेतनाचा दिवस

खोड्यात घोडी बांधा, मागे आडवा दांडा हवा. खोडा नसेल तर डॉक्टर गुंगीचं हलकं इंजेक्शन देईल. ‘माझी घोडी लाथ मारत नाही’ हे वाक्य डॉक्टरच्या बरगड्यांसमोर बोलू नका. शेपटीला स्वच्छ पट्टी गुंडाळा. मागचा भाग सौम्य साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढा, आणि कोरडा पुसा. साबणाचा अंश किंवा पाण्याचा थेंबही शुक्राणू मारतो. वंगणही शुक्राणूंना न मारणारंच लागतं.

घोडी तयार झाल्याशिवाय कांडी बाहेर काढायची नाही. वितळवायला ३७ अंशांचं पाणी, थर्मामीटरने मोजलेलं, हाताच्या अंदाजाने नव्हे. अर्ध्या मिलिलीटरच्या कांडीला किमान ३० सेकंद. वीर्य देणाऱ्याने वेगळी कृती लिहून दिली असेल तर तीच पाळा. कांडी बाहेर काढून पूर्ण कोरडी पुसायची, मग कापायची. एक थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा, आणि तुम्हीही डोकावा. हालचालच नसेल तर वाद तेव्हाच घालता येतो, पंधरा दिवसांनी नाही. वितळवलेलं वीर्य पुन्हा गोठवता येत नाही.

लांब लवचीक नळीने वीर्य गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी (फांद्यांपैकी) ज्या शिंगाच्या बाजूचं फॉलिकल आहे त्याच शिंगात खोलवर सोडतात. पाच मिनिटांचं काम. कांडीवरची नावं आणि तारीख मोबाईलवर टिपून ठेवा, रिकाम्या कांड्या फेकू नका. नोंदणीच्या वेळी लागतात.

रेतनानंतर गर्भाशयात थोडी सूज येतेच, गोठवलेल्या वीर्याने जरा जास्त. निरोगी घोडी ते पाणी स्वतः बाहेर टाकते. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत २ सेंटीमीटरहून जास्त पाणी दिसलं तर ऑक्सिटोसिन किंवा गर्भाशय धुणं लागतं. बीज सुटल्याची खात्रीही त्याच वेळी होते. ही तपासणी वाचवू नका. बाकी दिवसभर घोडीला हलकं फिरवा, बांधून ठेवू नका.

राहिली का?

बीज सुटल्याच्या चौदाव्या ते सोळाव्या दिवशी पहिली सोनोग्राफी. हा आकडा काटेकोर आहे, कारण जुळी असतील तर सोळाव्या दिवसापर्यंत दोन्ही पिशव्या गर्भाशयात फिरत असतात आणि डॉक्टर एक दाबून काढू शकतो. त्यानंतर त्या एका जागी बसतात, दोन्ही शेजारी बसल्या तर वेगळ्या करणं अवघड होतं. घोडीला जुळी पेलत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही जातात, कधी घोडीही. घरच्यांना जुळ्यांचा आनंद झाला तरी डॉक्टरला थांबवू नका.

२५ ते २८ दिवसांना ठोके दिसतात. मग ४५ आणि ६० दिवसांना बघा. ३५ दिवसांनंतर गर्भ गेला तर घोडी बराच काळ नीट माजावर येत नाही, म्हणून त्याआधीची तपासणी मोलाची. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात अश्व-हर्पिस विषाणूची लस आणि विण्याआधी महिनाभर धनुर्वाताची लस, डॉक्टरच्या सल्ल्याने. चंदी शेवटच्या तीन महिन्यांत वाढवायची, आधी नाही.

आणि रिकामी गेली तर

चांगली घोडी, चांगलं वीर्य आणि वेळ साधणारा डॉक्टर असेल तर दर माजाला शंभरातल्या चाळीस-पन्नास घोड्या राहतात. म्हणजे पहिल्याच माजाला रिकामी जाणं यात नवल नाही. बीज सुटल्यापासून साधारण २१ दिवसांनी पुढच्या माजातलं बीज सुटतं, पुन्हा प्रयत्न करा. दुसराही रिकामा गेला तर तिसऱ्या मात्रेआधी स्वॅब पुन्हा घ्या, तपासणीची वही समोर ठेवून वेळ चुकली का ते डॉक्टरबरोबर बघा. वीर्यात दोष नाही, वेळ बरोबर आहे, गर्भाशय स्वच्छ आहे आणि तरी राहत नाही, अशा घोडीला जवळपासच्या चांगल्या घोड्याकडे नैसर्गिकरीत्या न्या. त्या वर्षी शिंगरू मिळालं की पुढच्या हंगामात पुन्हा गोठवलेल्या वीर्याचा विचार करता येतो. फक्त विल्यानंतर आठ-दहा दिवसांत येणारा पहिला माज गोठवलेल्या कांड्यांसाठी सोडून द्या, त्यानंतरचा धरा.

उरलेल्या कांड्या परत कोणाच्या कंटेनरमध्ये ठेवताय, त्यात नत्र कोण भरणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करा. नत्र संपलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर त्या कांड्या पुन्हा मिळत नाहीत. घोडा तोपर्यंत मेलेला असेल, तर मुळीच नाही.